बेंबळीचा कोरा चहा

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या. त्यामुळं मी मटण सोडलं तेव्हा गावानं एकच विचारलं, "माळ घातली का?" घातली असती तर सगळ्यांनी हात जोडले असते. नुसतं नको वाटतं म्हणून सोडलं, हे कुणाच्या पचनी पडेना. पुढं करडाला आचळापासून ओढून काढायला हात धजेना, मग दूधही सुटलं. तेव्हा आईनं थेट देवऋषी गाठला. बरं, आमच्या शिवारात नजर जाईल तिथं सोयाबीन. पण त्याचं दूध हवं तर सोलापूर गाठायचं, आणि त्याची किंमत ऐकूनच तहान भागायची.

माझ्यापुरतं होतं तोवर ठीक. पण धाकट्या बहिणीसाठी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मुलाचं घर बघायला गेलो, तिथं मी तुपाच्या पोळीला हात लावला नाही आणि स्थळ मोडलं. त्यांचंही काय चुकलं? मुलीकडचे खाल्ल्या-प्यायल्यावाचून उठले की आमच्याकडं नकारच समजतात.

म्हणून बेंबळीच्या स्थळाला निघताना बहीण दारात आडवी आली. "दादा, मला हा पोरगा पसंत हाय. तिथं तुझी नाटकं नकोत." मी शब्द दिला. मामा सोबत होतेच, माझ्यावर पहारा ठेवायला.

मुलाच्या आईनं चहा आणला. म्हशीच्या दुधाचा, वर साय. मी कप तोंडापर्यंत नेला आणि हात तिथंच अडला. काही केल्या घोट घेववेना. त्या माउलीचा चेहरा उतरला.

"पावणं, आमचं काय चुकलं का?"

"न्हाय मावशी, घर पसंत, पोरगा पसंत. म्या फकस्त दूध घेत न्हाय. कोरा चालंल."

मुलाचे वडील ताठ झाले. "कोरा चहा मयताच्या घरी देत्यात. सोयरिकीला न्हाय."

मामांनी डोळे मिटून घेतले. इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा उठला, माझ्या हातातला कप घेऊन आत गेला. संपलं, असं मला वाटलं. आता बहिणीला तोंड कसं दाखवायचं?

थोड्या वेळानं तो बाहेर आला. हातात वाफाळता ग्लास, गूळ आणि गवती चहा घातलेला. वडिलांना म्हणाला, "ह्यो मयताचा न्हाय, म्या केलेला हाय."

आई पदराआड हसली. "सकाळचा चहा त्योच करतो. मला आयता मिळतो."

मी ग्लास रिकामा केला. वडील म्हणाले, "प्याले न्हवं? मग झालं." माझा जीव भांड्यात पडला. मामा तर दुसरा कप मागून बसले.

फाट्यावर येऊन बहिणीला फोन लावला. "चहा घेतलास का?" तिनं आधी तेच विचारलं.

"घेतला. त्यानंच करून आणला."

कळायला लागल्यापासून आमच्या घरात सगळ्यांचा चहा तिनंच केला होता.

"त्यानं?" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.