माझं मण

गेल्या दिवाळीच्या तीन आठवडे आधीच्या शनिवारी सोनईच्या एका शाळेत भरलेल्या नाट्यस्वगत स्पर्धेतून माझ्या साडूंना सभागृहाबाहेर काढण्यात आलं. ते प्रेक्षकांतून मोठ्याने 'न' म्हणाले होते. मी शेजारच्याच खुर्चीत होतो.

पाथर्डी तालुक्यात 'ण' हे अक्षर अजून जिवंत आहे ते एकट्या माझ्या साडूंमुळे. तिथल्या एका शाळेत ते इतिहास शिकवतात असं पगारपत्रक सांगतं. प्रत्यक्षात ते ण शिकवतात. त्यांच्या घरी 'पानी' मागितलं तर "तो पदार्थ आमच्याकडे नसतो" असं उत्तर मिळतं. म्हणून त्यांच्या आई कित्येक वर्षं नुसतं "तहान लागली" एवढंच म्हणत. एकदा एसटीच्या कंडक्टरने "कोन उतरनार?" असं विचारलं, तेव्हा साडू उतरायचं असूनही उतरले नाहीत, पुढच्या थांब्यावरून चालत घरी आले. स्पर्धेची स्वगतं ते स्वतः लिहितात आणि त्यांत रण, प्राण, बाण इतके असतात की वाचणाऱ्याची जीभ टाळूलाच मुक्कामाला राहते.

त्या वर्षीचं स्वगत खर्ड्याच्या किल्ल्यातल्या पहारेकऱ्याच्या बायकोचं होतं. सादर करणार होती नववीतली कोमल. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. टोळी सोमवारी निघणार होती. वडील शाळेत येऊन सांगून गेले होते, "गुरुजी, नंबर आला तर ऱ्हाईल मावशीकडं, शिकंल. न्हाई तर येईल आमच्यासंगं. धाकट्याला संभाळाया दुसरं कोन हाय?" साडूंनी तो 'कोन' ऐकला आणि दुरुस्त केला नाही. असं पूर्वी कधी घडल्याचं आठवत नाही.

महिनाभराच्या तालमीत कोमलच्या तोंडातला प्रत्येक न जाऊन तिथे ण बसला. प्रत्येक, हीच चूक झाली. मंचावर तिने रण, प्राण, पाणी सगळं चोख म्हटलं. मग शेवटचं वाक्य आलं, "ते गेले, आणि माझं मण जड झालं."

मण म्हणजे चाळीस शेर, धान्याचं जुनं माप. आधी एक परीक्षक हसले, मग सभागृह. साडू उभे राहून ओरडले, "न! कोमल, न!" दोन स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून दाराकडे नेलं. मग कोमल घरी बोलते तशी बोलली, "हसताय काय? मनावर लई भार आला की त्याचा मणच व्हतो."

टाळ्या बराच वेळ चालल्या. संहितेबाहेरच्या वाक्याचे गुण परीक्षकांनी कापले. कोमलला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

फाटकाशी तिचे वडील उभे होते. "गुरुजी, उत्तेजनार्थ म्हंजी काय? नंबर म्हनायचा का न्हाई?"

कोमल साडूंकडे पाहत होती. साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"व्हय," ते म्हणाले, "नंबरच म्हनायचा."

सोमवारी सकाळी टोळीचा ट्रक गेला. त्या दिवशीच्या नववीच्या हजेरीपटात कोमल हजर आहे. हजेरीपट मी पाहिला.