तीन टोमॅटो, गच्ची आणि परत

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड इंजिनिअर काका राहतात. त्यांनी कुठेतरी वाचलं, की परदेशात एक बक्षीस लावलं होतं: सरकारी मदत न घेता तीन माणसांचं यान अंतराळात न्यायचं, सुखरूप आणायचं आणि दोन आठवड्यांत तेच यान पुन्हा उडवायचं. काका पेटले. सोसायटीच्या वर्धापनदिनाला तशीच स्पर्धा! बक्षीस म्हणून स्वतःची दुर्बीण काढली.

माणसांऐवजी आधी अंडी ठरली होती. पण निम्मी बिल्डिंग अंडं खात नाही, म्हणून तीन टोमॅटो. अंगणातून गच्चीच्या कठड्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुढच्या रविवारी त्याच यानातून पुन्हा. कमिटीकडून मदत नाही. नियम काकांनी सांगितले, टाइप मी केले. ‘दोरी वापरू नये’ ही ओळ मी गाळली. मुद्दाम. कारण आमच्या सासूबाईंनी सकाळीच टोपली धुऊन ठेवली होती.

पहिल्या रविवारी काकांचं बाटलीचं रॉकेट पाण्याच्या जोरावर सुटलं ते थेट सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर. त्यांचे प्रवासी ओळखता येईनात. मग मी गच्चीवरून दोरी सोडली, सासूबाईंनी खालून टोपली बांधली. टोमॅटो वर आले, कठड्याला टेकले, खाली गेले. एक ओरखडा नाही.

“वहिनी, हे यान नाही, टोपली आहे!” काका म्हणाले.

“दोरी नको म्हणान खंय लिवला आसा?” सासूबाईंनी मालवणीत विचारलं.

काकांनी कागद वाचला. मग मान वर करून गच्चीकडे, म्हणजे माझ्याकडे, बराच वेळ पाहिलं. मी हात हलवला.

दुसऱ्या रविवारी झाडून सगळी बिल्डिंग अंगणात. टोपली झकास वर आली. उतरताना मात्र वाऱ्याने हेलकावली आणि दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलला अडकली. मी दोरी हलवून पाहिली, तेवढ्यात दोरी सैल झाली. टोपली खाली पोचली, रिकामी!

वाट लागली. आम्ही दोघी आणि काका धावत दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं नव्या भाडेकरू बाईंनी. चारच दिवसांपूर्वी राहायला आलेल्या, स्पर्धेचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

“किती छान पद्धत आहे हो तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या, “नवीन माणसाला भाजी पाठवायची!”

त्यांच्या हातात सुरी होती. कोशिंबीर तयार.

“प्रवासी बेपत्ता. उड्डाण बाद,” काका खुशीत म्हणाले.

“बेपत्ता कित्याक? सुखरूप उतरले मां, फक्त दोन मजले आधी!” सासूबाई हटेनात.

भाडेकरू बाईंना काहीच कळेना. त्यांनी आम्हाला आत बोलावून खुर्च्या मांडल्या. वाद अर्धवट टाकून आम्ही बसलो, आणि काकांनी कोशिंबीर दोनदा मागून घेतली.