टायरातलं पाचट

काल शिक्रापूरजवळ कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. त्या गोडसर धुरानं मला थेट कॉलेजच्या वर्षांत, तळेगाव ढमढेऱ्याच्या गाडीवाटेवर नेऊन उभं केलं.

डोंगरातल्या सायकल शर्यतीसाठी माझा सराव चालला होता. निघताना वडील, आमचे आप्पा, म्हणाले होते, “जीपमधी बसून परत आलीस, तर शर्यतीचं नाव काढायचं न्हाई.” आणि नेमका बाभळीचा काटा चाकात घुसला. पंक्चर काढायचं सोल्यूशन त्याच्या नळीतच वाळून गेलेलं. एक जीपवाला थांबला. “ताई, टाका सायकल टपावर.”

“न्हाई मामा, मी जाते चालवत.”

बांधावरचं पाचट मूठमूठ करून टायरात ठासलं आणि निघाले. खड्ड्याखड्ड्याला हाडं खिळखिळी होत होती, चाक करकरत होतं, पण उतरले नाही.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. आप्पा दारातच उभे होते. टायरातून डोकावणारं पान त्यांनी ओढून पाहिलं. “आत जा, चहा घे. उद्या नवं सोल्यूशन ने.”

तेव्हा मला फक्त जिंकल्यासारखं वाटलं होतं. त्यांच्या पायातल्या चपला आणि मुठीतली फटफटीची किल्ली मला आत्ता दिसते.