बिनचहाचा सौदा

निघोज्यातलं आमचं जुनं दगडी घर आणि मागची चिकूची बाग दाखवायला धाकटे दीर एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. त्याला सगळं पाडून गोडाऊन बांधायचं होतं. घरधनी गेल्यापासून निम्मा वाटा माझा आहे.

“वहिनी, चहा टाका,” दीर म्हणाले. आमच्याकडे घरच्या बाईनं चहा दिला की सौदा पक्का धरतात.

परक्यासमोर माझं तोंड उघडत नाही. मी गॅस पेटवलाच नाही. पदर खोचून चुना कालवला आणि पडवीच्या भिंतीला लावायला घेतला.

“पाडायच्या भिंतीला चुना लावताय व्हय?” दीर हसले.

“मला राहायचंय हितं,” मी म्हणाले. हात थांबवला नाही.

तो माणूस चहा न घेताच उठला. पावसाआधी मी कौलंही शाकारून घेणार आहे.