बरोबर आहे, दाजी

दाजींचं काचा बसवायचं दुकान होतं. दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. दुकानातला त्यांचा भागीदार म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून गिऱ्हाइकंही म्हणायला लागली, आणि बघता बघता ते सगळ्या गल्लीचे दाजी झाले. मेहुण्याला सगळे वकील म्हणत. कोर्टात तो आयुष्यात एकदाच गेला होता, तेही तिथली फुटलेली तावदानं बदलायला. पण बोलण्यात त्याला हरवलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

दुकान बोळासारखं लांबट होतं. दोन्ही भिंतींना लाकडी घोड्यांवर काचा उभ्या, मधोमध जाड कापड अंथरलेलं टेबल, त्यावर काच कापायची हिरकणी आणि पुट्टीचा डबा. सकाळी शटर वर गेलं की वाद सुरू व्हायचा. सत्तेवर बसलेले दाजींना आवडत आणि वकिलाला ते डोळ्यांसमोर नकोत. रस्ता खणला यावरून, रस्ता बुजवला यावरून, भाजी महागली यावरून, कशावरूनही ठिणगी पडायची.

खरी मजा मोठी काच नेताना यायची. दोघं दोन टोकांना, मध्ये पुरुषभर उंचीची काच, आणि जिना अरुंद.

"जरा माझ्याकडे झुका, दाजी."

"मेलो तरी तुझ्याकडे झुकणार नाही."

आणि झुकायचे. हातात काच असली की बोट नाचवता येत नाही, टेबलावर मूठ आपटता येत नाही, आणि रागावून निघून तर मुळीच जाता येत नाही. तोंडानं एकमेकांची सालटी काढत आणि पायांनी एकमेकांना सांभाळत दोघं चौथ्या मजल्यावर पोचायचे. दार उघडणाऱ्या बाईला वाटायचं, हे आता मारामारी करणार. हे दोघं काच अलगद चौकटीत बसवून तिच्याकडे प्यायला पाणी मागायचे.

ह्या वादात दाजी नेहमी हरायचे. त्यांना उत्तर सुचायचं, पण उशिरा. संध्याकाळी नळाखाली हातपाय धुताना एकदम आठवायचं, अरे, तेव्हा असं म्हणायला हवं होतं. मग ते ओल्या हातांनी स्वयंपाकघरात येऊन बायकोला ऐकवायचे. ती म्हणायची, "उद्या सांगा त्याला." उद्या विषय बदललेला असायचा.

लहानपणीही तसंच होतं. वडील म्हणायचे, "तू गप्प बस, तुला काय कळतं?" शाळेत मास्तर तेच म्हणायचे, जरा चांगल्या भाषेत. धंद्यात आले तर गिऱ्हाईक म्हणायचं, काच वाकडी बसलीय. मुलगा शिकला, नोकरीसाठी दूर गेला, आणि फोनवर सांगायला लागला, "बाबा, तसं नसतं ते." दाजींना ह्याचं फार दुःख होतं असं कधी दिसलं नाही. त्यांनाही ते तेव्हा ठाऊक नसावं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली, आणि सकाळी सातला घराबाहेर पडणारा माणूस दिवसभर पलंगावर पाय लांब करून बसला. मुलानं नवा फोन पाठवला. शेजारच्या एकानं दाजींना फोनवरच्या एका गटात घेतलं. गटाचं नाव 'जागे नागरिक'. गट चालवणारे एक निवृत्त साहेब होते. त्यांना सगळे 'सर' म्हणत.

दाजी आधी नुसतं वाचायचे. एके दिवशी शहरात बसवाल्यांचा संप सुरू झाला. दाजींनी डाव्या हातात फोन धरून उजव्या हाताच्या एका बोटानं, पुसत, पुन्हा लिहीत, तीन ओळी लिहिल्या: संप करणाऱ्यांना लोकांच्या हालांची पर्वा नाही, म्हातारी माणसं दवाखान्यात जाणार कशी. इथे उशिरा सुचलं तरी चालत होतं. कुणी समोर वाट बघत उभं नव्हतं.

थोड्या वेळानं फोन वाजू लागला. 'अगदी बरोबर.' 'दादा, मनातलं बोललात.' 'असं लिहायला धाडस लागतं.' सरांनी स्वतः वर केलेला अंगठा पाठवला. दाजींनी बायकोला हाक मारली, तिला सगळं वाचून दाखवलं, ती पुन्हा कामाला गेल्यावर स्वतःशी पुन्हा वाचलं. इतक्या माणसांनी मिळून 'तुझं बरोबर आहे' म्हणायची ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. वय वर्षं एकसष्ट.

वकील रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा. खुर्ची ओढून बसायचा, बहिणीनं दिलेला चहा प्यायचा आणि सुरू व्हायचा. संपाचा विषय निघाला तेव्हा दाजी म्हणाले, "विरोधी पक्षानं पैसे वाटलेत त्यांना. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला? तुमचे साडू बस चालवतात. त्यांना वाटले का?"

"त्याला नसतील मिळाले. पुढाऱ्यांना मिळाले."

"कुणी पाहिलं?"

पूर्वी दाजी म्हणाले असते, "तुझ्या काकानं पाहिलं," आणि वाद रंगला असता. आता त्यांनी फोन पुढे केला. "हे बघ. शेकडो लोक म्हणतायत."

वकिलानं वाचलं. डोळे चमकले त्याचे. "मलाही घ्या ना ह्याच्यात, दाजी."

दाजींना बरं वाटलं. त्यांना वाटलं, एवढी माणसं एका आवाजात बोलताना पाहून हा जरा वरमेल. त्यांनी शेजाऱ्याला सांगून वकिलाला आत घेतलं.

वकिलानं दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं: 'पैसे वाटताना कुणी स्वतः पाहिलं असेल तर सांगावं. माझ्या नात्यातला माणूस बस चालवतो, त्याची आणि तुमची गाठ घालून देतो. समोरासमोर बोलू.' दुकानात बोलायचा तसाच बोलला होता तो. पण दुकानात त्याचं हसू दिसायचं, इथे नुसती अक्षरं दिसत होती.

पहिला म्हणाला, 'हा कोण?' दुसरा म्हणाला, 'विकला गेलेला दिसतोय.' मग कुणी त्याच्या खानदानावर गेलं. वकील प्रत्येकाला शांतपणे उत्तर देत होता आणि प्रत्येक उत्तरागणिक चिडणारे वाढत होते. शेवटी कुणीतरी विचारलं, 'ह्याला इथे आणलं कुणी?'

दाजी पलंगावर बसून हे सगळं बघत होते. तेवढ्यात सरांचा त्यांना एकट्याला निरोप आला: 'दादा, तुमच्या ओळखीचे आहेत असं कळलं. काढू का त्यांना? तुमच्याबद्दल आम्हाला आदर आहे.'

त्यांनी 'काढा' लिहिलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना वाटलं, आता आपल्याकडेही लोक संशयानं बघतील. त्यांनी सगळ्यांसाठी लिहिलं: 'माफ करा. तो आमच्या दुकानात कामाला आहे. समज कमी आहे. पुन्हा असं होणार नाही.'

अंगठ्यांची रांग लागली. 'दादा, तुमचा मोठेपणा.' त्यानंतर सरांनी वकिलाला काढलं. म्हणजे दाजींनी लिहिलेलं त्यानं वाचलं होतं.

त्या संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी बायको भावाकडे जाऊन आली. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, "अहो, तुम्ही माझ्या भावाला नोकर म्हणालात?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं म्हणायचं होतं?"

 ह्या वेळी दाजींना नळाखालीही उत्तर सुचलं नाही.

चालता येऊ लागल्यावर ते काठी टेकत दुकानात गेले. वकील टेबलावर वाकून काच कापत होता. रेघ पूर्ण होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. मग म्हणाला, "बसा."

"रागावलास?"

"भांडला असतात तर काही वाटलं नसतं, दाजी. मला मूर्ख म्हणाला असतात, गाढव म्हणाला असतात. रोजच म्हणता. पण समज कमी आहे हे तुम्ही त्या लोकांना सांगितलंत. त्यातल्या एकाचं तरी तोंड पाहिलंय का तुम्ही?"

दाजी गुडघा चोळत बसले. मग जे आजवर कुणाला बोलले नव्हते ते बोलले. "तू जिंकतोस रे. नेहमी तूच जिंकतोस. मला जिंकायचं नाहीये. पण दिवसभरात कुणी एकानं तरी म्हणावं ना, बाबा, तुझं बरोबर आहे. घरात नाही, दुकानात नाही, पोरगा तर नाहीच. तिथे म्हणतात. खरं म्हणतात की खोटं, काय करायचंय मला? तिथे तू आलास आणि पहिल्याच फटक्यात विचारलंस, कुणी पाहिलं."

वकिलानं हिरकणी पुसून ठेवली. "एवढंच होतं तर मला सांगायचं होतंत. मी म्हटलं असतं."

"मागून घेतलेलं काय कामाचं?"

"बरोबर आहे, दाजी," वकील म्हणाला.

दाजींना वाटलं, मिटलं.

पण त्या दिवसापासून तो तेवढंच म्हणायला लागला. दाजी पुन्हा कामावर येऊ लागले. एकाच मजल्यापर्यंतची कामं घ्यायची असं ठरलं होतं. काच उचलली की दाजी काहीतरी काढायचे. "ह्या वेळी आमचेच निवडून येणार." "बरोबर आहे." "तुमच्या पुढाऱ्याला भाषणसुद्धा करता येत नाही." "बरोबर आहे, दाजी. जरा उजवीकडे घ्या." आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलतात तसा आवाज. दाजी मुद्दाम चुकीचं बोलायला लागले. स्वतःला पटत नाही असलं काहीबाही बोलायचे, नुसतं त्यानं तोंड उघडावं म्हणून. काचेतून समोर त्याचा चेहरा दिसायचा. तो पायाखालची पायरी बघत असायचा.

साडूंकडे सगळे जेवायला जमले तेव्हा दाजींनी कळस केला. संप मोडला होता, बऱ्याच जणांना कामावरून काढलं होतं, आणि त्यात साडूही होते. त्यांच्याच घरी, त्यांच्याच ताटावर बसून दाजी म्हणाले, "काढलं ते बरंच झालं. शिस्त हवी." म्हणताना ते साडूंकडे बघत नव्हते, वकिलाकडे बघत होते. आता तरी उसळेल.

साडूंचा हात ताटातच थांबला. वकिलानं भाताचं भांडं उचललं आणि पुढे केलं. "बरोबर आहे, दाजी. भात घ्या."

दाजींची बायको ताटावरून उठली.

हात धुवायला दाजी मागे गेले तेव्हा आतून वकिलाच्या मुलीचा आवाज आला. कॉलेजात जाणारी, बापासारखीच बोलणारी. "बाबा, तुम्ही ऐकून कसं घेता? माझ्याशी तर एका शब्दावरून तास तास भांडता."

"तू माझी आहेस म्हणून भांडतो," वकील म्हणाला. "परक्या माणसाशी कशाला तोंड वाजवायचं?"

दाजींनी नळ सुरूच ठेवला. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला. घरी आल्यावर त्यांनी गटावर शिस्तीबद्दल चार ओळी लिहिल्या. लोकांनी भरभरून वाहवा केली. एकानं लिहिलं, 'दादा, आपल्या घरच्यांना किती अभिमान वाटत असेल.'

पुढे वकिलानं आपला हिस्सा मागितलाही नाही. एका कारखान्यात जागा निघाली, तिथे काचा यंत्रानं उचलतात, असं सांगून तो गेला. दाजींनी जोडीला माणूस ठेवून पाहिला, पण जिन्यावर दोघांचं पाऊल जुळेना. मग त्यांनी मोठ्या काचा बंद केल्या. आता ते फोटोच्या फ्रेमा करतात, आरसे कापून देतात. ते एकट्याला उचलता येतं. गिऱ्हाईक नसलं की फोन काढून बसतात. गटात आता त्यांना मान आहे. नवा कुणी शंका काढायला लागला तर सर आधी त्यांनाच विचारतात.

सुट्टीच्या दिवशी बायको भावाकडे जाऊन येते. दाजींना ती विचारत नाही आणि तेही येतो म्हणत नाहीत. मागच्या वेळी ती परत आली तेव्हा ते दारातच बसले होते.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. तुमचा गुडघा कसा आहे, विचारत होता."

"आणखी?"

"आणखी काही नाही," ती म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली.