वाढत्या मापाचा ड्रायव्हर

तुम्हा दोघींपैकी धाकटीला ही गोष्ट ऐकून माहीत आहे आणि थोरलीने फक्त तिचा शेवट डोळ्यांनी पाहिला आहे. मधला भाग इथे बेंगळुरूत घडला. तो तुमच्या आजोबांकडून तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी मी स्वतः लिहून ठेवलेला बरा, कारण त्यांच्या सांगण्यात मी दर वेळी थोडी अधिक हास्यास्पद होत जाते.

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी थोरलीचा फोन आला. तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. तुमच्या क्लबात दर जूनमध्ये आजी-आजोबा आणि नातवंडांच्या जोड्यांचा गोल्फचा सामना होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. थोरली तीन वर्षं त्या दिवशी सरबताच्या टेबलामागे उभी राहून इतरांच्या आज्यांना पेले भरून देत होती, हेही तेव्हाच कळलं. तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "आजी, तू जूनमध्ये येणार आहेस ना? मग मी आपलं नाव देऊ? तुला थोडं थोडं येतं का?"

मी म्हणाले, "थोडं थोडं."

गोल्फची काठी मी तोवर हातात धरलेली नव्हती. पण सरबताच्या टेबलामागे उभी असलेली ती पोर डोळ्यांसमोर आली आणि तोंडातून शब्द निघून गेला. मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत मला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की प्रश्नाला उत्तर आत्मविश्वासाने द्यावं. उत्तर बरोबर असावं, हेही शिकवलं असणार, पण त्या सकाळी ते आठवलं नाही.

नोकरीची एकतीस वर्षं मी एका सरकारी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात काढली. माझा स्वभाव तिथे झाला की स्वभावामुळे ती नोकरी मिळाली, हे आता सांगता येत नाही. आपल्या घरातला प्रेशर कुकर, तुमच्या बाबांचं कॉलेज आणि बनशंकरीतलं हे घर, या तिन्ही गोष्टी मी तक्ता करून निवडल्या आहेत. तेव्हा ड्रायव्हरचाही तक्ता झाला. ड्रायव्हर म्हणजे गोल्फमधली सगळ्यात लांब काठी, पहिला फटका दूर मारण्यासाठीची. तिच्या टोकाला डोकं असतं. त्या डोक्याचा आकार, त्याच्या तोंडाचा कल आणि दांड्याचा ताठपणा, असे माझ्या तक्त्याचे मुख्य रकाने. आठवडाभर वाचल्यावर निष्कर्ष अगदी स्पष्ट होता. नवशिक्याने मोठ्या डोक्याचा, जास्त कलाचा, मऊ दांड्याचा ड्रायव्हर घ्यावा. त्याला चुका पोटात घालणारा म्हणतात. चेंडू मधोमध लागला नाही तरी तो त्याला फार वाकडा जाऊ देत नाही.

इतकं स्वच्छ लिहिलेलं मी दोनदा अधोरेखित केलं आणि मग ते मला खटकू लागलं. मी उभ्या आयुष्यात ग्रेस मार्कांनी पास झालेली नाही.

पितृपक्ष संपेपर्यंत थांबले आणि घटस्थापनेच्या दिवशी आम्ही दोघं मारतहळ्ळीच्या एका दुकानात गेलो. जाताना आजोबा रिंग रोडवर दीड तास एकच वाक्य बोलत होते, "भाजी ढवळायलाही उपयोगी पडेल असा घे की." दुकानातल्या माणसाने जाळी लावलेला एक कोपरा दाखवला आणि इंग्रजीत म्हणाला, मॅडम, चेंडू ठेवतो, दोन-तीन फटके मारून बघा, मग मी काय घ्यायचं ते सांगतो. भोवती पाच-सहा गिऱ्हाइकं होती, सगळी आयटीतली, अर्ध्या चड्डीतली. मी नवरात्राची पहिली माळ घालून थेट आले होते, म्हणजे काठापदराच्या साडीत. मी आजोबांना मराठीत म्हणाले, "या सगळ्यांसमोर मी काठी फिरवणार नाही. याला काय कळतं? माझा तक्ता आहे."

"काकू, मी नागपूरचा," तो माणूस मराठीत म्हणाला. "तक्ता दाखवा बरं."

त्याने तक्ता मनापासून वाचला. "एकदम बरोबर आहे काकू. हा शेवटून दुसरा घ्या. बारा अंशाचा, हलका. डोळे मिटून मारा."

"आणि सहा महिन्यांनी हात बसल्यावर?"

"सहा महिन्यांनी कोणाचा हात बसतो, काकू? मला सहा वर्षं झाली."

इथे मी जी चूक केली ती आपल्याकडचीच बाई करू शकते. आमच्या लहानपणी बेळगावात शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा शिवायचे. जूनमध्ये बाह्या बोटांवरून खाली लोंबायच्या आणि दोन वर्षांनी त्या मापात बसायच्या. बूट पुढे कापूस कोंबून घालायचे. तुमच्या बाबांची पहिली सायकल त्यांचे पाय टेकण्याआधी वर्षभर घरात उभी होती. आज बसेल अशी वस्तू आज घेणं म्हणजे उधळपट्टी, हे माझ्या हाडात आहे. म्हणून मी तक्त्यातला वरून दुसरा घेतला. नऊ अंशांचा, लहान डोक्याचा, ताठ दांड्याचा. मुरलेल्या खेळाडूचा. डोकं वरून पांढरंशुभ्र होतं, अगदी देखणं.

"काकू, हा चुका पोटात घालत नाही बरं का," नागपूरकर म्हणाला. "हा बोलून दाखवतो."

"मग या दोघांचं जमेल," आजोबा म्हणाले.

पावती देताना त्याने सांगितलं की पंधरा दिवसांत बदलून मिळेल. खेळून बघा, चेंडूच्या खुणा चालतील, बाकी डाग नको. मी ते वहीत लिहून घेतलं.

नवरात्र बसलेलं. नवी वस्तू खंडेनवमीला पूजल्याशिवाय वापरायची नाही, म्हणून ड्रायव्हर आठ दिवस कपाटात उभा राहिला. खंडेनवमीला बेंगळुरूत कशा पूजा होतात ते तुम्ही एकदा पाहिलं आहे. रस्त्यात रिक्षांपासून रोड रोलरपर्यंत सगळ्यांना शेवंतीच्या माळा, आणि चौकाचौकात फोडलेले कोहळे. आपल्या पाटावर दर वर्षी माझी कात्री, शिलाई मशीन, आजोबांचा स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप असतात. या वेळी मधोमध ड्रायव्हर. शास्त्राप्रमाणे ओलं हळदीकुंकू लावलं. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर हळदीची पाच बोटं आणि तोंडावरच्या बारीक रेघांमध्ये कुंकवाचं स्वस्तिक. फोटो चांगला आला. तो मी थोरलीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

तो फोटो तिने तिच्या प्रशिक्षकाला दाखवला, हे मला फार नंतर कळलं. त्यांनी ड्रायव्हर ओळखला. हा वापरणाऱ्या आजीचा हात भलताच जोरकस असणार, असं ते म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून थोरलीने आमचं नाव नवशिक्यांच्या गटातून काढून जुन्या खेळाडूंच्या गटात घातलं.

दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून आम्ही के. आर. पुरमच्या पलीकडे, जिथे पैसे देऊन चेंडू मारता येतात अशा मैदानावर गेलो. तिथले शिकवणारे लष्करातून निवृत्त झालेले एक कन्नड गृहस्थ होते, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान, पण मला अम्मा म्हणत. त्यांनी ड्रायव्हर हातात घेतला, हळदीला नमस्कार केला आणि नऊ हा आकडा वाचून माझ्याकडे पाहिलं.

"अम्मा, हे कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"सरी," ते म्हणाले. ठीक आहे, असं. जे अजिबात ठीक नाही त्यालाही इथे तसंच म्हणतात.

पन्नास चेंडूंची टोपली होती. एकोणीस वेळा काठी चेंडूला लागलीच नाही, मी मोजत होते. लागले ते बहुतेक उजवीकडे गेले आणि काही इतके बुटके गेले की आमच्या पुढ्यातल्या गवतातच थांबले. एक शेजारच्या माणसाच्या पाण्याच्या बाटलीला लागला. "स्वल्प निधान, अम्मा, सावकाश," ते गृहस्थ म्हणत राहिले. पण ताठ दांडा सावकाश मारणाऱ्याचं ऐकत नाही आणि जोरात मारण्याचं माझं वय नाही. तुमचे आजोबा बाकावर बसून भेळ खात होते. त्यांनी अर्धी भेळ न मागता माझ्यासाठी बाजूला ठेवली, त्यावरून परिस्थिती किती वाईट आहे ते मला समजलं.

बाराव्या दिवशी आम्ही पुन्हा मारतहळ्ळीला. वही काढून नियम वाचून दाखवला. नागपूरकराने ड्रायव्हर उजेडात धरला.

"काकू, हा पिवळा चेंडू कुठला म्हणायचा?"

"ती हळद आहे."

"ते दिसतंय. आत मुरलीय ती." त्याने ओल्या फडक्याने पुसलं, मग कसल्याशा द्रवाने पुसलं. कुंकू फडक्यावर आलं, पाच बोटं जशीच्या तशी राहिली. "मी परवाच माझ्या स्कूटरची पूजा केली, काकू. मला कळतं. पण वरती पाठवलं तर ते म्हणतील रंग खराब केला. त्यांना काय लिहू? शुभ डाग?"

दुसरा घ्या, निम्म्या किमतीत जुना देतो, असंही तो म्हणाला. चांगला माणूस होता. पण तसं केलं असतं तर आजोबांना जन्मभराचा विषय मिळाला असता, आणि पूजलेली वस्तू अडगळीत टाकणंही बरं वाटेना. मी नको म्हणाले. सगळा हिवाळा आठवड्यातून दोनदा मी त्या मैदानावर जाऊन पूजलेल्या, महागड्या, मुरलेल्यांच्या ड्रायव्हरने गवत मारलं.

संक्रांतीनंतर एके दिवशी त्या गृहस्थांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि सात नंबरची लोखंडी काठी दिली. आखूड, जड, साधी. पहिलाच चेंडू ऐंशी-नव्वद पावलं सरळ गेला.

"पण पहिला फटका ड्रायव्हरनेच मारायचा असतो ना?"

"कोण म्हणालं, अम्मा? नियमात कुठे आहे?"

मी घरी येऊन नियम वाचले. कुठेही नव्हतं. माझ्या तक्त्यात सोळा ड्रायव्हर होते, आणि ड्रायव्हर नकोच, असा रकाना नव्हता.

आता थोरलीला सांगायचं राहिलं होतं. मार्चमध्ये तिने फोनवर आनंदाने सांगितलं की आपण जुन्या खेळाडूंच्या गटात आहोत, आणि तेव्हाच फोटोची सगळी हकिगत कळली. मग मला थांबता येईना. मी सगळं सांगितलं. ड्रायव्हर, एकोणीस, पाण्याची बाटली.

 

"आजी, तू मला खोटं सांगितलंस?"

"थोडं थोडं येतं म्हणाले होते."

"आजी."

"हो. खोटं सांगितलं."

"मी सगळ्यांना सांगितलंय गं." तिचा आवाज लहान झाला. "आता गट बदलता येत नाही. नाव काढू का? मी टेबलवर उभी राहीन, it's fine."

ते 'फाइन' मला जे लागलं ते अजून तसंच आहे. मी म्हणाले, "नाव काढू नकोस. मला सामन्याचे नियम पाठव."

नियम असे होते: नऊ खड्डे, प्रत्येक वेळी दोघींनी मारायचं, ज्या चेंडूची जागा चांगली तो धरायचा आणि पुढचा फटका दोघींनी तिथूनच. पण पहिल्या फटक्यांपैकी निदान दोन माझे धरलेच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी थोरलीचा एक तक्ता आला. कुठल्या खड्ड्याला वाट आखूड आहे, कुठे पाणी नाही, माझे ते दोन फटके कुठे खर्च करायचे. वर लिहिलं होतं, 'आजी: फक्त सात नंबर.' रकाने माझ्यापेक्षा नीट आखलेले होते.

जूनमध्ये तिसऱ्या खड्ड्याला माझा चेंडू शंभरेक पावलं सरळ गेला आणि तो धरला. मग सहाव्याला गेला झुडपात, सातव्याला वाळूत. नवव्यावर, शेवटच्यावर, सक्तीच्या दोनांपैकी माझा एक फटका अजून द्यायचा होता. तिथे तो द्यावाच लागणार होता. पुढची चौघं हिरवळीवर पोहोचली होती, मागची दूर झाडाखाली सँडविच खात होती. मी काठी उचलली, फिरवली आणि चेंडू होता तिथेच राहिला.

थोरलीने मागे वळून पाहिलं. "आजी, ती प्रॅक्टिस होती ना?" ती हळूच म्हणाली. "प्रॅक्टिस मोजत नाहीत."

हो म्हणायला अर्धं मिनिट लागलं नसतं. तिच्या चेहऱ्यावर ते हो आधीच लिहिलेलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "मारायलाच गेले होते."

तिने चेंडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिशातलं कार्ड काढून त्यावर एक रेघ मारली. "ओके. मग हा आपला पहिला फटका. दुसरा इथूनच." आणि स्वतःचा ड्रायव्हर काढून तिने चेंडू इतका लांब मारला की झाडाखालच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही खालून दुसऱ्या आलो. तो एक फटका मोजला नसता तर खालून चौथ्या आलो असतो, हे थोरलीने गाडीत मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघत. तिसऱ्यांदा तिने ते संध्याकाळी जिन्यात बसून मैत्रिणीला फोनवर इंग्रजीत सांगितलं. मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते. माझ्या आजीचा चेंडू जागचा हलला नाही, आणि मग तिने स्वतःच स्वतःची तक्रार केली, असं ती सांगत होती, आणि तिला हसू इतकं येत होतं की तिला ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.