जुन्या बोटांना नवा लॅपटॉप

मावशीला अख्खी कचेरी ‘तुफान’ म्हणायची. खरं तर बाई स्वभावाने इतकी संथ, की चहा पार गार झाल्याशिवाय कपाला हात लावायची नाही. पण बोटं! कचेरीसमोरच्या छोट्याशा खोलीत एकतीस वर्षं तिने लोकांचे अर्ज, तक्रारी, शपथपत्रं टाइप केली, आणि तीही कीबोर्डकडे न बघता. समोरचा माणूस आपलं गाऱ्हाणं सांगत असायचा, बोटं पळत असायची आणि बाईसाहेबांची नजर खिडकीबाहेर. समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी वाऱ्याने फुगल्या, की ती मनातल्या मनात त्यांवर बसून कुठल्या कुठे जाऊन यायची. परत येईपर्यंत अर्ज तयार, आणि त्यात एक चूक सापडेल तर शपथ!

अशा या मावशीला बावन्नाव्या वर्षी विद्यापीठात भूगोलाला प्रवेश मिळाला. भाची तर नाचलीच. मावशी मात्र धास्तावली, कारण पहिल्या दिवशी एक पान लिहून द्यायचं होतं, ‘मी इथे का आले’. आता जिने हजारो पानं टाइप केली, तिला एका पानाची काय मातब्बरी? पण खोलीतल्या संगणकासमोर बसली की बोटं आपली सवयीने सुटायची. ‘महोदय, खाली सही करणारी अर्जदार नम्र विनंती करते की…’ पुसलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा महोदय हजर! चार दिवस हाच तमाशा. शेवटी तिने ठरवून टाकलं, पान झालं नाही तर जायचंच नाही. जिला स्वतःचं एक वाक्य सुचत नाही, ती वर्गात बसून काय दिवे लावणार? हे तिने कुणालाच सांगितलं नाही, पण आतून तिला रडू येत होतं.

विद्यापीठासाठी लॅपटॉप बघायला मात्र ती गेली, कारण भाचीला नाही म्हणणं आजवर कुणाच्या बापाला जमलेलं नाही.

दुकान गार आणि शांत होतं. ओळीने लॅपटॉप उघडून ठेवलेले, एकाच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर, एकावर वाळवंट, एकावर निळा समुद्र. मावशी समुद्रापाशी थांबली ती थांबलीच.

“मावशी, बुडशील. इकडे ये!” भाचीने हाक मारली.

दुकानातल्या विक्रेतीने पहिला लॅपटॉप पुढे केला. “काकू, याच्यात तुमच्या कामावरच्या संगणकासारखंच सगळं आहे. नवीन काही शिकायला नको.”

मावशीने बोटं टेकवली. पापणी लवायच्या आत पडद्यावर उमटलं, ‘महोदय, खाली सही करणारी’. चटका बसल्यासारखे तिने हात मागे घेतले.

“आणि तो?” तिने टोकाच्या करड्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

“त्याची सिस्टिमच वेगळी आहे, काकू. अक्षरांच्या जागासुद्धा वेगळ्या. सुरुवातीला फार जड जाईल.”

जड म्हणजे काय, डोंगरच! डाव्या हाताच्या मधल्या बोटाखालचा ‘क’ उठून चक्क उजव्या हाताला जाऊन बसला होता. तुफानाने सवयीने महोदय टाइप केला आणि पडद्यावर जे आलं ते वाचून तिघीही हसल्या. मग मावशीने चष्मा नाकावर सारला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती मान खाली घालून अक्षरं शोधायला लागली.

एक अक्षर सापडायचं, दुसरं हुलकावणी द्यायचं. मधल्या वेळात करायला काही नव्हतं. त्या रिकाम्या वेळात गच्चीवरच्या चादरी आल्या, फुगल्या, आणि या वेळी बोटं तिला सोडून पुढे पळाली नाहीत. तीही गेली, बोटंही तिच्याबरोबर गेली. दुकान, भाची, गार हवा, सगळं कुठेतरी लांब राहिलं.

भानावर आली तेव्हा पडद्यावर दोन ओळी होत्या. ‘मी एकतीस वर्षं खिडकीतून बघितलं. आता चालत जाऊन बघायचं आहे.’

भाचीने खांद्यावरून वाचलं. पुन्हा एकदा वाचलं, आणि मग ती चिडवायला लागली. “अगं, दोन ओळींना पंधरा मिनिटं? कचेरीत कळलं तर तुफानाची अब्रू जाईल! थांब, तुझी जुनी मांडणी बसवता येते का बघते. मग पळतील बोटं.”

“खबरदार हात लावशील तर!” मावशी असं ओरडली की विक्रेती दचकली.

“म्हणजे… हाच घ्यायचा?” भाचीने विचारलं.

“हाच.”

विक्रेती आतून बंद खोका घेऊन आली. “हा घ्या काकू, अगदी कोरा. हा बाहेरचा नुसता बघायला ठेवलेला आहे.”

मावशीने दोन्ही हात त्या करड्या लॅपटॉपवर ठेवले. “कोरा नको गं बाई,” ती म्हणाली. “हाच दे. याच्यात माझं वाक्य आहे.”